हाताला विचारा

आमच्या वस्तीत एक पोऱ्या फॉर्म घेऊन आला. गळ्यात ओळखपत्र, बगलेत पुठ्ठा. कुठल्याशा कॉलेजातून आला होता. विसरवाडीच्या लोकांची 'सामाजिक मानसिकता' मोजायची होती त्याला. आमच्या ओट्यापुढं उभा राहिला, बसला नाही. उभ्यानंच विचारलं, 'आपण जातिभेद मानता काय? होय, नाही, सांगता येत नाही.' मायला हसू आलं. ज्यांनी जन्मभर आम्हाला जात दाखवली त्यांना सोडून हा आम्हालाच विचारतोय, जात मानता का! 'नाही रे बाबा,' ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तो म्हणाला, 'नको मावशी, आत्ताच प्यालो.' फॉर्मवर खूण केली आणि पुढच्या घरी गेला.

दोस्तहो, त्या फॉर्मवर तीस-चाळीस प्रश्न होते. तांब्यासाठी एक चौकोन नव्हता.

मी रात्रपाळीला गेलो तो धुमसतच. साच्याच्या खडखडाटात कविता जुळवली. सकाळी घरी न जाता सरळ गुरुजींच्या दारात. गुरुजी कोकणी समाजाचे, आता रिटायर. त्यांनी कविता दोनदा वाचली. म्हणाले, 'जोरदार आहे रे भाऊ. पण मला सांग, वरच्या आळीत त्यानं पाणी घेतलं का?'

'मला काय माहीत?'

'मग तुमच्याकडं जातीमुळंच घेतलं नाही हे कसं माहीत?'

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गुरुजी, तांब्या कसा नाकारतात हे आमच्या सात पिढ्यांना पाठ आहे, आम्हाला शिकवू नका. गुरुजी शांत. म्हणाले, 'तुला माहीत आहे. कदाचित त्यालाही माहीत असेल. जो तिथं नव्हताच त्या तिसऱ्या माणसाला कसं पटवशील?'

मी निरुत्तर घरी आलो. या निरुत्तर होण्यावरच हा लेख आहे. कारण आपली सगळी चळवळ त्या तिसऱ्या माणसापुढं वर्षानुवर्षं अशीच उभी आहे. गळा मोठा, पुरावा हातात नाही.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. जात कुठं होती हे आपल्या छातीला माहीत होतं. पण २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं खुनाची शिक्षा दिली आणि अॅट्रॉसिटीचं कलम लावलं नाही. खून कागदावर आला, जात आली नाही. मी असं म्हणत नाही की एखाद्या सर्व्हेनं तो निकाल फिरला असता. मी म्हणतो, आपली छाती हा पुरावा धरत नाहीत, हे आपण अजून नीट समजून घेतलेलं नाही.

आपले काही कार्यकर्ते म्हणतील, संशोधन हे पांढरपेशांचं काम. आपण रस्त्यावरची माणसं. मी विचारतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारपुढं जातीच्या उगमावरचा निबंध कुणी वाचला? त्या दिवशी बाबासाहेबांचं वय होतं पंचवीस. तुमच्या-माझ्याएवढं. १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींची स्थिती तपासायला स्टार्ट समिती नेमली, तिच्यात बाबासाहेब सभासद होते. महाडच्या तळ्यावर जाणारा माणूस आणि समितीत बसून माहिती तपासणारा माणूस एकच होता. आपण त्याचे दोन तुकडे केले. तळ्यावरचा फोटो मिरवणुकीत नेला, तपासणारा माणूस कपाटात ठेवला.

आणि त्याच माणसानं १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये जातीचा मुक्काम माणसाच्या मनात आहे असं मांडलं. मग त्या मनात शिरायचं शास्त्र नको का शिकायला? त्या शास्त्राचं नाव सामाजिक मानसशास्त्र. नाव जड आहे, काम साधं आहे. समोर दुसरा माणूस असला, किंवा तो आहे असं नुसतं वाटलं, तरी माणूस कसा बदलतो ते पाहायचं. दोन बायका बोलत असतात आणि पाटलीणबाई आल्यावर एक गप्प होते. हा त्या शास्त्राचा विषय. आपल्याइतका या विषयाचा माल कुणाकडं आहे? आणि तरी त्याची दुकानं सगळी दुसऱ्यांची.

मी दहावीवर शाळा सोडलेला गिरणीकामगार. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, अडलं ते गुरुजींना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढं टाकतो.

पहिली गोष्ट. तोंड वेगळं आणि हात वेगळा. अमेरिकेत लापिएर नावाचा एक प्राध्यापक होता. १९३० च्या सुमाराला तिकडं चिनी माणसांचा राग फार. हा एका चिनी जोडप्याला बरोबर घेऊन देशभर हिंडला. अडीचशे हॉटेलं, खाणावळी, मुक्कामाच्या जागा. नाकारलं फक्त एका ठिकाणी. नंतर त्यानं त्याच जागांना पत्र टाकलं : तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तरं आली त्यांतल्या शेकडा नव्वदहून जास्त जणांनी लिहिलं, नाही. हे त्यानं १९३४ साली छापलं. तोंडानं नाही म्हणणाऱ्यांनी हातानं ताट वाढलं होतं.

आपल्याकडं ताट उलटं आहे. २०११-१२ साली देशभर बेचाळीस हजारांहून जास्त घरांत एक मोठी पाहणी झाली. घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का, आणि नाही म्हटलं तर दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, भांड्याला शिवला तर चालेल का, असे सवाल होते. देशात २७ टक्के घरांनी कबुली दिली. महाराष्ट्राचा आकडा छापून आला ४ टक्के. शंभरातली चार घरं! वाचून आपले पुरोगामी खूष. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र!

मी विचारतो, ही ४ टक्के म्हणजे महाराष्ट्राचं मन आहे की महाराष्ट्राचं तोंड? शंभर-सव्वाशे वर्षांच्या चळवळीनं इथल्या सवर्णाला एवढं नक्की शिकवलं की फॉर्मवाल्यापुढं काय बोलायचं. मन किती बदललं ते फॉर्म सांगत नाही. पण थांबा, उलटही म्हणता येत नाही. 'सगळे खोटारडे' असं आपण म्हटलं तर आपणही त्या पोऱ्यासारखेच, न मोजता खूण करणारे. कदाचित खरंच काही बदललं असेल. ते कळायचं तर हाताला विचारावं लागेल.

हाताला कसं विचारतात? सुखदेव थोरातांनी विचारलं. बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या मिलिंद कॉलेजात शिकलेला हा माणूस. त्यांनी पॉल अॅटवेल यांच्याबरोबर वर्तमानपत्रातल्या खासगी नोकरीच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, बदलायचं फक्त नाव. एक उच्चजातीय हिंदू नाव, एक दलित नाव, एक मुसलमान नाव. २००७ साली निकाल छापला. सवर्ण नावाला पुढं बोलावणं येण्याचा जो संभव, त्याच्या मानानं दलित नावाचा सुमारे दोन तृतीयांश, मुसलमान नावाचा एक तृतीयांश. एकाही मॅनेजरला 'जात मानता का' असं विचारलं नाही. त्याच्या हातानं लिफाफा कुठं टाकला तेवढं पाहिलं.

हे शस्त्र बघा, दोस्तहो. सगळं सारखं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची. मग जो फरक पडेल तो त्या एकाच गोष्टीचा. गुरुजी मला हेच विचारत होते. वरच्या आळीतला तांब्या पाहिल्याशिवाय आमच्या तांब्याला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीची मुलं घेतली. ३२१ वरच्या जातींची, ३२१ खालच्या मानलेल्या जातींची. कागदावरचे चक्रव्यूह दिले, आत शिरून वाट काढायची. जेव्हा कुणाची जात पुकारली नाही, तेव्हा दोघं बरोबरीत. फरक नाही. मग दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर मुलाचं नाव, बापाचं, आज्याचं नाव आणि जात मोठ्यानं वाचली आणि मुलाला मान हलवायला लावली. आपल्या पोरांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घसरली. तोच मेंदू, तोच कागद, तीच पेन्सिल. मध्ये फक्त एक आवाज आला.

हे वाचल्यावर मला शाळेतली हजेरी आठवली. शिष्यवृत्तीसाठी उभं करून नावं घ्यायचे ती. 'या पोरांना डोकंच नाही' म्हणणाऱ्यांना शिव्या देऊन मी दमलो होतो. हा प्रयोग शिवी देत नाही. तो दाखवतो की डोकं होतं, तुम्ही ते पुकारून दाबलंत. २००४ सालचं हे काम आहे. आपल्या किती शाखांत, किती शिबिरांत ते सांगितलं गेलं?

काळ्या माणसांनी हे आधी ओळखलं. केनेथ आणि मॅमी क्लार्क, नवरा-बायको, दोघंही काळे, दोघंही मानसशास्त्रज्ञ. १९४० च्या आगेमागे त्यांनी काळ्या मुलांपुढं काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? तुझ्यासारखी कोणती? बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली, आणि शेवटच्या सवालाला काही लेकरं रडली. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्कचं काम होतं. त्या प्रयोगावर नंतर टीकाही झाली, व्हायलाच हवी. पण तिसरा माणूस तिथं ऐकत होता. पँथर हे नाव आपण १९७२ साली तिकडून आणलं. बाहुल्यांची पेटी आणायची राहून गेली.

आता कुणी म्हणेल, ही सगळी डॉक्टरेटवाली माणसं. आपल्याच्यानं काय होणार? मग विसरवाडीहून हायवेनं पश्चिमेला चला. नवापूर ओलांडलं की गुजरात. त्या गुजरातेत नवसर्जन या संघटनेनं १,५८९ गावांत अस्पृश्यतेची मोजणी केली आणि २०१० साली अहवाल काढला. अस्पृश्यतेचे ९८ प्रकार यादी करून विचारले. वेगळा कप कुठं, देवळाचा उंबरा कुठं, पाण्याची बारी कुठं. माहिती गोळा करायला गावोगाव काम करणारे चळवळीचेच कार्यकर्ते होते. 'आमच्याकडं असलं काही नाही' म्हणणाऱ्या सरकारपुढं त्यांनी गावांची मोजदाद ठेवली. सीमेपलीकडं होतं, तर अलीकडं का नाही?

तर शिकू या. आपल्या भागात एक काम असं करता येईल. विसरवाडी, नवापूरची पोरं नंदुरबारला, धुळ्याला, सुरतेला जातात. कॉलेजला नाहीतर कामाला. खोली शोधतात. पाटी असते, 'खोली भाड्याने देणे आहे'. आडनाव ऐकलं की खोली भरलेली निघते. हे आपण सगळे सांगतो. मोजलं कुणी?

एका शहरातल्या अशा पाट्यांवरचे साठ नंबर लिहा. फोन करणारा एकच, वाक्य एकच, वेळ सारखी. बदलायचं फक्त आडनाव. वीस जणांना पाटील, वीस जणांना कांबळे, वीस जणांना वळवी. कुणाला कोणतं आडनाव, हे आपण ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. आपण ठरवलं तर आपला हात नकळत खडूस वाटणाऱ्या मालकाला कांबळे देईल. मालकाचं उत्तर शब्दन्‌शब्द लिहायचं. मग 'खोली आहे', 'नाही', 'बघू' अशी वर्गवारी दुसऱ्यानं करायची, आणि त्याला आडनाव दिसता कामा नये. आमच्या गिरणीत कापडाचे तागे तपासतात. तपासणाऱ्याला तागा कोणत्या साच्यावरचा ते कळलं की नावडत्या कामगाराच्या ताग्यात डाग जास्त निघतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपणही माणसंच आहोत. आपल्यालाही डाग जास्त दिसतील.

फोन सुरू करायच्या आधी आपला अंदाज कागदावर लिहून पाकीट बंद करायचं. नंतर 'मी म्हणालोच होतो' चालणार नाही. आणि आलेला आकडा, कसाही आला, तसाच सांगायचा. वीसमध्ये पाटलाला बारा खोल्या आणि कांबळेला दहा मिळाल्या, तर त्यावरून बोंब ठोकायची नाही. नाणं वीस वेळा उडवून बघा, कधी बारा छापे पडतात, कधी आठ. फरक लहान असेल तर आणखी नंबर लागतील. बारा आणि दोन आले तर गोष्ट वेगळी.

आणि माणुसकी सोडायची नाही. मालकांची नावं, नंबर बाहेर काढायचे नाहीत. हे मोजणं आहे, सूड नाही. खोली घ्यायची नसताना फोन करणं ही फसवणूकच आहे. ती मिनिटभराची ठेवायची आणि तिचं ओझं आपल्याला कळलं पाहिजे. आपल्या कुणाला अशा जागी पाठवायचं नाही जिथं मार पडेल. घरोघर विचारायला गेलात तर आधी सांगा कशासाठी विचारता, आणि नको म्हणणाऱ्याला हात जोडून पुढं चला. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणं शंभरातली एकोणसत्तर माणसं आदिवासी. घरात मावची, कोकणी, भिल्ली, शेजारी अहिराणी. तिथं 'आपण जातिभेद मानता काय' हे पुस्तकी मराठी घेऊन जाल तर म्हातारी तुम्ही जाईपर्यंत 'नाही' म्हणत राहील. प्रश्न तिच्या बोलीत गेला पाहिजे, आणि तिच्याच माणसानं नेला पाहिजे.

आता शेवटचं. हे तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडलं नाही.

खोलीच्या मोजणीआधी एक धडा घरात गिरवू. आपल्या पुढच्या मीटिंगला दोघांनी दोन कोपऱ्यांत वही घेऊन बसायचं. सतरंजी कुणी घातली? चहा कुणी केला? कोण किती वेळा बोललं? बाई बोलायला लागली तेव्हा किती वेळा कुणी मध्ये तोडलं? बौद्ध किती बोलले, मातंग किती, चांभार किती, भिल्ल किती? दोघांनी एकमेकांत न बघता खुणा करायच्या आणि शेवटी वह्या जुळवायच्या. जुळल्या नाहीत तर 'मध्ये तोडणं' म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवायचं आणि पुन्हा मोजायचं. मोजमाप शिकायला याहून चांगली शाळा नाही, आणि फी नाही.

मी एका मीटिंगला एकट्यानंच हे करून पाहिलं. एकट्याच्या वहीला किंमत नाही, म्हणून आकडे देत नाही. पण वही बघून मान खाली गेली. 'दलित-आदिवासी एकजुटीचा विजय असो' ही घोषणा आपण दिली, आणि भिल्ल मित्र दाराजवळ बसून होता. मायनं चहा केला, तिचं मत कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझ्या तोंडाला विचारलं असतंत तर मी 'समता' म्हणालो असतो. हाताला विचारल्यावर कळलं, चहाची कपबशी मी उचलली नव्हती.

ज्याला आपल्या वहीची भीती वाटते त्यानं दुसऱ्याच्या घरी फॉर्म घेऊन जाऊ नये. हे त्या कॉलेजच्या पोऱ्याला लागू आहे आणि आपल्यालाही. आपण फक्त दुसऱ्यांचे डाग मोजले तर ते शास्त्र नाही, ती भाषणबाजी झाली. ती आपल्याला येतेच.

कविता लिहू नका असं मी म्हणत नाही. मी लिहिणारच. प्रश्न कवितेतूनच येतो. तांब्या नाकारला हे ज्याला लागलं त्यालाच तांब्याबद्दल विचारायचं सुचतं. त्या पोऱ्याच्या प्रोफेसरला ते सुचलं नाही, कारण त्याचा तांब्या कुणी कधी नाकारला नव्हता. हे आपलं भांडवल. ते दुसऱ्याच्या फॉर्मवर खूण म्हणून खर्च होतंय. विद्यापीठांनी आपल्याला नमुना केलं, आपण नमुना झालो. मोजणारा ते, मोजला जाणारा आपण. ही सुद्धा एक वर्णव्यवस्थाच आहे, आणि तिच्याविरुद्ध मोर्चा काढून भागणार नाही. वही काढावी लागेल.

आमच्या गावाचं नाव विसरवाडी. नावावरून पुष्कळ जण थट्टा करतात. करू देत. आम्ही मात्र लिहून ठेवणार आहोत.

तो पोऱ्या पुन्हा आला तर त्याला ओट्यावर बसवीन. पाणी देईन. प्याला तर प्याला, नाही तर नाही. दोन्ही लिहीन. मग वरच्या आळीत त्याच्या मागं जाईन आणि तिथलंही लिहीन. आणि खरोखरच तो नुकताच पाणी पिऊन आला होता असं निघालं, तर माझी ती कविता मीच फाडीन.

एवढी तयारी असेल त्यानं वही घ्यावी.

जय भीम.